भरलेली सुई

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर इतकं वाकडंतिकडं होतं की आईंनी विचारलं, “दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं की काय त्यानं?” मी म्हटलं, अक्षर त्याचंच आहे, बोटं सुजली असतील. शाळेत असताना मधमाश्यांच्या पेटीत हात घालून आलास की तुझी गृहपाठाची वही अशीच दिसायची, आणि मास्तरांना चिठ्ठी मी लिहून द्यायचे. मी ह्या घरात आले तेव्हा तू हाफपँटमध्ये होतास. म्हणून तर तुला अजून ‘अहो भाऊजी’ म्हणणं जमत नाही.

आईंना पत्र अर्धंच वाचून दाखवलं. बागा चांगल्या फुलल्यात, पेट्या जड झाल्यात, तुझ्या बायकोला, आपल्या धाकटीला, तिथलं पाणी मानवलंय, इथपर्यंत. पुढचं मी मनात वाचलं. पत्र घडी करून ठेवल्यावर त्या पुन्हा गप्प झाल्या. तुझं पत्र आलं की तेवढ्यापुरतं त्या माझ्याशी बोलतात, एरवी आमच्यात भांड्यांचाच आवाज असतो. तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. ज्या बाईनं आपल्या मुलाला सुया टोचायला नेलं आणि सुईनंच तो गेला, तिच्याशी काय बोलायचं?

इथलं बाकी ठीक आहे. मध काढायच्या शेडचा पत्रा मागच्या वादळात उचकटला होता, तो बसवून घेतला. चष्म्याच्या दुकानात माझं काम बरं चाललंय. मालकांनी भिंगं घासायचं नवीन यंत्र आणलं, पण जाड भिंगं अजून माझ्याच हातून जातात. तुझ्याकडे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र आणि सोबतचा डबा रिकाम्या पेट्या घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याजवळ देते आहे. डबा आधी उघडू नकोस. पत्र पुरतं वाच, मग उघड.

तू लिहिलंस की कानामागे एकच माशी चावली आणि दहा मिनिटांत पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या, ओठ जाड झाले, आवाज बदलला, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. धाकटीनं गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि हळूहळू उतरलं. उतरलं हे नशीब. पट्ट्यांनी उतरलं नाही, ते आपलं आपण उतरलं, पुढच्या वेळी उतरेलच असं नाही. तू विचारतोस, “वहिनी, जन्मभर माश्यांत वाढलो, मला कधी काही झालं नाही, मग आताच कसं?” ह्याचं उत्तर मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला आणि तुझ्या दादांना समोर बसवून समजावलं होतं. तुलाही बोलावलं होतं त्यांनी, घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं म्हणून. तू आला नाहीस. म्हणालास, “तुम्ही दोघं शिकून या, मी इथे पेट्यांना पंखा घालतो.”

त्यांनी सांगितलं ते असं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या पहारेकरी. बाहेरचं कोणी आत शिरलं की काही पेशी त्याला तिथल्या तिथे गिळतात, काही त्याचा चेहरा लक्षात ठेवतात, आणि काही त्याच्या बरोबर मापाच्या बेड्या तयार करतात. त्या बेड्यांना प्रतिपिंडं म्हणतात. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, तो ह्या आठवणीमुळे. लस म्हणजे चोर यायच्या आधीच त्याचा फोटो पहारेकऱ्यांना दाखवून ठेवणं. इथपर्यंत सगळं सोयीचं आहे. पण काही जणांचे पहारेकरी फाजील उत्साही असतात. ॲलर्जी म्हणजे अंगात दम नसणं नव्हे, हे त्या दादांना दोनदा म्हणाल्या, कारण दादा मान खाली घालून बसले होते. निरुपद्रवी परागाला किंवा एका माशीच्या थेंबभर विषाला शरीर मोठा दरोडेखोर समजून बसतं, एवढंच.

आणि हे पहिल्या भेटीत कळत नाही. पहिल्या वेळी बाहेरून सगळं शांत असतं. आत मात्र एका वेगळ्या जातीची प्रतिपिंडं तयार होतात आणि विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात. त्या पेशी म्हणजे दारूगोळ्याची कोठारं, हिस्टमिन नावाच्या रसायनाच्या पुड्यांनी ठासून भरलेली. तेच विष पुन्हा आलं की ती कोठारं फुटतात. एका जागची फुटली तर नाक गळतं, पित्त उठतं. सगळ्या अंगातली एकदम फुटली तर रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, घसा आतून सुजतो. पाहुण्याला हाकलायला पहारेकऱ्यानं घरच पेटवून द्यावं तसं. त्या वेळी एकच औषध, पेनसारख्या सुईत भरून मिळणारं ॲड्रेनालिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासाची वाट मोकळी करतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ मिळवून देतं.

आता तुझा प्रश्न, आताच का. सारखे डंख खाणाऱ्याच्या अंगात दुसरीही प्रतिपिंडं असतात, शांत स्वभावाची. ती विषाला दारातच गाठतात, कोठारापर्यंत जाऊ देत नाहीत. पण डंख थांबले की ती ओसरत जातात. दादांचं तेच झालं. इतकी वर्षं ते तंत्रशाळेत लेथ शिकवत होते, माशीशी संबंध सुटला होता. बाबा गेल्यावर धंद्याला हात लागावा म्हणून नोकरी सोडून परत आले, तेव्हा पहिल्या डंखाला कोपरापर्यंत सूज आली आणि दुसऱ्याला ते शेडच्या फाटकापाशी कोसळले. आणि तुझं काय झालं? दादा गेल्यावर तू जवळजवळ वर्षभर पेट्यांकडे फिरकला नाहीस. गडीमाणसांवर सगळं टाकून आपल्या मधाच्या दुकानात बाटल्या विकत बसलास. लोक म्हणाले, भावाचं दुःख आहे. मीही तसंच समजत होते. ते काही का असेना, त्या वर्षात तुझे शांत पहारेकरी निघून गेले.

बाबांची पद्धत तुला आठवतच असेल. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी बाह्या वर करायच्या, आणि बाबा चिमट्यात माशी धरून एकेकाच्या हाताला लावायचे. अंग पक्कं करणं म्हणायचे त्याला. ज्यानं हात मागे घेतला तो वर्षभर ‘लोण्या’. मी नवी होते तेव्हा मलाही हात पुढे करायला लावला होता. मी केला, ओरडले नाही, तर बाबा म्हणाले, “ही टिकेल.” टिकले खरी.

दादा फाटकापाशी पडले त्यानंतर तू त्यांना लोण्या म्हणायला लागलास. गड्यांच्या देखत. “या लोण्या, आज कुठं टोचून आलात?” दादा हसून न्यायचे. एकदा जेवताना मला म्हणाले, “मला लोण्या म्हणतात त्याचं तुला वाईट वाटतं का गं?” मी म्हटलं, घरात लोणीही लागतंच की. त्यावर ते खूप हसले, आणि मला वाटलं विषय संपला. त्यांच्या मनात तो संपला नव्हता.

डॉक्टरीणबाईंचा उपचार चालू होता. माशीचंच विष, पण शुद्ध केलेलं, आधी अगदी कणभर, मग दर आठवड्याला थोडं वाढवत. टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवायच्या आणि मगच घरी सोडायच्या. शरीराला हळूहळू पटवायचं की बाबा रे, हा शत्रू नाही. लांबचा उपचार होता, पण लागू पडत होता. मग बागा फुलल्या, पेट्या हलवायची घाई झाली, आणि दादांच्या काही खेपा चुकल्या. तू म्हणालास, “डॉक्टरीणबाई विषच टोचते ना? मग आपल्या पेट्यांत काय सरबत भरलंय?” मी मुद्दाम डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, “माशीला मात्रा मोजता येत नाही. खेप चुकली की मलासुद्धा मात्रा कमी करून पुन्हा वर यावं लागतं. आणि बिघडलं तर सावरायची सगळी सोय माझ्या कपाटात आहे, तुमच्या दिरांच्या पेटीत नाही.” हे मी शेडच्या दारात उभं राहून शब्द न् शब्द तुला सांगितलं. तू माश्यांना धुरी द्यायचं धुराडं पेटवत होतास. वर न बघता म्हणालास, “वहिनी, तू चष्मे बघ.”

त्या दिवशी मी चष्मेच बघत होते. एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवत असताना दुकानातला फोन वाजला. मी पोचले तेव्हा रुग्णवाहिकेचं दार लागत होतं. पुढचं तुला माहीत आहे. तू ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस, म्हणून मलाही पाठ आहे. “दादा पेटीपाशी गेला, कुठूनशी एक माशी चावली, घाबराघुबरा झाला, मी धावत जाऊन ती डॉक्टरची सुई आणली आणि मांडीला दाबली, टक् असा आवाज आला आणि दादानं मान टाकली.” “माशीनं नाही मारलं,” तू म्हणायचास, “दादाला सुईनं मारलं.” आई भिंतीवर डोकं आपटत होत्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “हिनं नेलं होतं त्याला, हिनं!” तू त्यांना जवळ घेतलंस, पण ‘वहिनीचा काय दोष’ एवढंही म्हणाला नाहीस. डॉक्टरीणबाई भेटायला आल्या तर आईंनी त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं. आता त्यांच्या दवाखान्यातला तो बाक बहुतेक रिकामा असतो. गाव लहान असलं की एक वाक्य पुरतं.

मी फारशी बोलत नाहीच. पण माझं काम नजरेचं आहे, धाकट्या. दवाखान्यात मी दादांचा हात हातात घेऊन बसले होते. उजव्या हाताची बाही कोपराच्या वर नीट दुमडलेली होती, घड्या घालून, आणि आतल्या बाजूला, मनगटापासून वर, दोन डंख होते. शेजारी शेजारी, सरळ रेषेत. वाट चुकलेली माशी मानेवर चावते, बोटांवर, घोट्यावर चावते. दुमडलेल्या बाहीखाली रेघ ओढून चावत नाही. तिथे माशी चिमट्यानंच लावावी लागते.

मग त्यांच्या जेवणाची पिशवी घरी आली. ट्रकच्या खुंटीला अडकवलेली तशीच कोणीतरी आणून दिली होती. डबा उघडलाही नव्हता. डब्याखाली दादा कायम सोबत ठेवायचे ती निळी थैली होती, आणि थैलीत ॲड्रेनालिनचं पेन. सील तसंच, काचेच्या खिडकीतून औषध स्वच्छ दिसत होतं. तू ज्या सुईनं भाऊ गेला म्हणत होतास, ती सुई माझ्या हातात भरलेली होती.

तुझा कामाचा पांढरा झगा मीच धुते, तो पुढच्या आठवड्यात धुवायला काढला. खिशात सरावाचं पेन सापडलं. दादांनी ते शेडच्या फळीवर टांगलं होतं, गड्यांनी हात बसवावा म्हणून. तसाच आकार, तसंच झाकण, दाबलं की तसाच आवाज. आत सुई नाही, औषध नाही. अंगावर लाल अक्षरांत ‘सरावासाठी’ लिहिलेलं आहे. घाईत तू ते उचललंस. जिवाच्या आकांतात कोणाचीही चूक होईल, ती मी तुला कधीच माफ केली असती. मी मनाला सांगत राहिले की त्याला ठाऊकच नाही. ते कुठलं पेन होतं हे त्यानं वाचलंच नाही, नकळत खिशात टाकलं, आणि सुईनंच घात केला असं तो बिचारा खरंच धरून चालला आहे. आईंचा एक मुलगा गेला आहे, दुसरा त्यांच्या मनातून मी का काढून घेऊ? म्हणून सगळं आत ठेवलं. बाहेरून शांत होते. पहिल्या भेटीत असंच असतं.

आणि आता तुझं हे पत्र. “वहिनी, दादाची ती सुई उरली असेल तर पाठवून दे.” ह्या एका ओळीवर मी थांबले ते थांबलेच. जी सुई तू स्वतः भावाच्या मांडीत रिकामी केलीस, ती उरेल कशी? दोन होत्या असंही म्हणता यायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन लिहून दिल्या होत्या, औषधवाल्याकडे एकच निघाली, आणि दुसरी आणायला तालुक्याला गेलेला तूच हात हलवत परत आला होतास. म्हणजे खरी सुई उरली आहे हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवशी आईंना जवळ घेताना ठाऊक होतं. त्या माझ्याकडे बोट दाखवत होत्या तेव्हाही ठाऊक होतं.

माशी डंख मारते आणि स्वतः मरते. मला तसं करायचं नाही. घर पेटवायचंही नाही, त्यात आई राहतात. डॉक्टरीणबाईंकडून मी एकच गोष्ट नीट शिकले, की सगळं मात्रेवर असतं. मी मात्रा मोजून घेतली आहे.

आता डबा उघड. दाखवते तसं कर. पेन मुठीत धर, अंगठा टोकावर ठेवू नकोस. मागचं झाकण काढ. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यावरूनच जोरात दाब आणि हळूहळू दहा म्हणेपर्यंत धरून ठेव. मग आडवं व्हायचं, पाय उंच करायचे, उठून बसायचं नाही, आणि धाकटीनं मिळेल त्या गाडीनं लगेच दवाखान्यात न्यायचं. दाबताना टक् असा आवाज येईल. तो तुझ्या ओळखीचा आहे. लाल अक्षरं ह्या वेळी वाच. तुझ्या खिशातून निघालेलंच ते पेन आहे, मी फक्त झाकण पुन्हा बसवून दिलंय.

तुझं बरंवाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. हे मनापासून लिहिते. मेलेल्या माणसाला कोणाला काही सांगावं लागत नाही. म्हणून पत्र वाचल्या क्षणापासून पेट्यांपासून दूर राहा, पेट्या गड्यांना बघू दे. तिथल्या सरकारी दवाखान्यात ॲड्रेनालिन आहे का ते धाकटीला आजच विचारून यायला सांग. आणि पहिल्या गाडीनं घरी ये. डॉक्टरीणबाई तुला उपचाराला घेतील, मी बोलले आहे. त्या आधी घरातला इतिहास विचारतात, भाऊ कशानं गेला वगैरे. तो तू सांगशील.

खरी सुई हवी असेल तर ती आता माझ्याकडे नाही, आईंकडे आहे. मुदत अजून संपलेली नाही. आईंना मी नवा चष्मा करून दिला. त्यांनी तो लावून बघितला, बरा आहे म्हणाल्या. मग मी निळी थैली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, हे धाकट्याचं औषध आहे, तो मागायला येईल तेव्हा द्या. त्यांनी पेन बाहेर काढून खिडकीशी धरलं. “आत पाणी दिसतंय की गं.” मी म्हटलं, पाणी नाही, औषध आहे. “म्हणजे भरलेली आहे?” मी हो म्हटलं. “कोणाची ही?” मी म्हटलं, दादांची, एकच होती. त्यांनी पेन पदरानं पुसून मांडीवर ठेवलं. मग पलंगावर थोडं सरकल्या आणि मला म्हणाल्या, “बस.” दादा गेल्यापासून हा शब्द मी ऐकला नव्हता. मी बसले. पुढचं मी काही सांगितलं नाही आणि त्यांनी मला विचारलंही नाही. एवढंच म्हणाल्या, “येऊ दे त्याला.” तू मला चष्मे बघायला सांगितलं होतंस. ह्या चष्म्याची भिंगं मी माझ्या हातानं घासली आहेत, दूरचं आणि जवळचं, दोन्ही त्यातून स्वच्छ दिसतं. तो लावून आई दारातल्या खुर्चीत बसल्या आहेत, सुई मांडीवर आहे. ये, आणि त्यांच्याकडून मागून घे.

तुझीच,
वहिनी